नाहीतर सर आणि दोडक्याची वस्ती

नाहीतर सर मंगळवारी सकाळी गेले. त्यांच्या पत्नीचा, काकूंचा फोन आला तेव्हा मी कसबा पेठेतल्या खोलीत कपडे वाळत घालत होते. दुपारी अंत्यसंस्कार झाले. संध्याकाळी मी परत आले आणि कपडे काढून घड्या केल्या.

स्मशानाबाहेरच्या बाकावर सरांचे एक जुने सहकारी माझ्या शेजारी बसले होते. ते म्हणाले, "रोज सकाळी टेकडी चढायचे, म्हणून एवढं वय निभावलं." मी वाट पाहत राहिले. असं वाक्य कोणी उच्चारलं की लगेच कुठूनतरी, थोडासा नाकातून, एक प्रश्न यायचा : "नाहीतर?" म्हणजे टेकडी चढले नसते तर किती निभावलं असतं, ते आधी सांगा आणि मग 'म्हणून' म्हणा. त्या दिवशी तो प्रश्न कोणी विचारला नाही. सहकाऱ्यांचं वाक्य तसंच हवेत राहिलं. सर गेल्याचं फोनवर मी फक्त ऐकलं होतं. ते मला कळलं त्या बाकावर.

या प्रश्नामुळे त्यांचं नाव नाहीतर सर पडलं होतं. (इथला 'मुळे' त्यांनी खोडला असता.) अर्थशास्त्र विभागातल्या शिपायापासून परगावच्या परीक्षकांपर्यंत सगळे त्यांना मागून याच नावानं ओळखत. सरांना ते माहीत होतं. एकदा एका विद्यार्थ्यानं फोनवर "नाहीतर सर आलेत" असं सांगितलं आणि मागे वळून पाहिलं तर सर उभे. सर म्हणाले, "नाव योग्य आहे की नाही यावर माझं काही म्हणणं नाही. पण मी आलो नसतो तर तुम्ही काम करत बसला असता, असं मात्र समजू नका."

ते कोणालाही सोडत नसत. विभागाच्या कॅन्टीनवाल्यानं एका हिवाळ्यात चहाची पावडर बदलली आणि तो खुशीत सांगायला आला, "सर, नवीन पावडरनं खप वाढला बघा."

"समोरच्या टपरीचा?" सर म्हणाले.

"समोरच्या टपरीचं काय?"

"खप. वाढला का?"

"मी कशाला बघू त्याच्याकडं?"

"थंडी पडलीय. तिकडेही वाढला असणार. त्याच्यापेक्षा तुमचा जेवढा जास्त वाढला तेवढाच तुमच्या पावडरचा. बाकीचा थंडीचा."

कॅन्टीनवाल्यानं फडक्यानं टेबल पुसलं. मग म्हणाला, "सर, तुम्ही चहा घेणार आहात का नुसतेच बसलाय?"

हसू येतं, पण ज्यांना त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं काढायची होती त्यांना ते दरवेळी येत नसे. मी पुसदहून पुण्याला आले होते. एम. ए.ला पहिली आले होते आणि आपल्याला अर्थशास्त्र येतं असा माझा समज होता. पुण्यात 'बसा' हा शब्द स्वागताचा आहे की शिक्षेचा, हेच कळायला मला बरेच महिने लागले होते. अशा अवस्थेत मी सरांच्या खोलीत गेले आणि माझा पीएच.डी.चा विषय सांगितला. शहरातली एक छोटी संस्था घरकाम करणाऱ्या बायकांसाठी वस्त्यांमध्ये संध्याकाळचे वाचनवर्ग चालवत होती. त्या वर्गांचा उपयोग होतो का, हे मला तपासायचं होतं.

"होतो का?" सरांनी विचारलं.

"हो. मी जाऊन पाहिलं. वर्गाला येणाऱ्या बायकांना आता वाचता येतं."

"नाहीतर?"

"नाहीतर... आलं नसतं."

"हे कोणी पाहिलं?"

मी वही उघडली. सर म्हणाले, "बसा." मी तर बसलेलीच होते.

मग त्यांनी कागद ओढला. त्यावर दोन रेषा काढल्या, एक वरची आणि एक खालची. एक वर्ग असलेल्या वस्तीची, दुसरी वर्ग नसलेल्या वस्तीची. "बायका वर्गाशिवायही थोडंफार शिकतात. मुलं शिकवतात, मोबाइल शिकवतो, मालकीणबाई ओरडून शिकवतात. ते दोन्हीकडे होतं. तेव्हा आधी मोजा, नंतर मोजा, दोन्हीकडे मोजा. इकडे किती फरक पडला, तिकडे किती फरक पडला आणि त्या दोन फरकांत किती फरक. तो तुमच्या वर्गाचा. मात्र वर्ग सुरू होण्याआधी दोन्ही वस्त्या एकाच चालीनं चालत असल्या पाहिजेत. एक पळत असेल आणि एक बसून असेल, तर तुमचं सगळं मुसळ केरात." मग त्यांनी वर्गवाल्या वस्तीच्या रेषेखाली एक तुटक रेष काढली. "वर्ग नसता तर इथे काय झालं असतं, ती ही रेष. ही जगात कुठेही नाही. ती आपण काढतो. काढताना थोडी लाज वाटली पाहिजे."

ही पद्धत जगात पुष्कळ ठिकाणी शिकवतात आणि संगणकावर ती क्षणात होते. सरांनी मला ती वर्षभर हातानं करायला लावली. वर्तमानपत्राच्या कडेला, बसच्या तिकिटामागे, एकदा तर काकूंनी वाळवणासाठी पसरलेल्या कागदावर त्यांनी त्या दोन रेषा काढल्या आणि तिसरी तुटक रेष मला काढायला सांगितली. मी काढली की म्हणायचे, "एवढ्या ठामपणे?" मी हलक्या हातानं काढली की म्हणायचे, "दिसत नाही." त्यांच्या तोंडून 'बरोबर' हा शब्द मी ऐकला नव्हता. घरून आईचा फोन यायचा, "मंग तुह्यं कवा होते?" आणि मला सांगता यायचं नाही की मी एका माणसासाठी एका रेषेची जाडी ठरवते आहे.

लिखाणाची तऱ्हा तर वेगळीच. त्यांच्याकडे एक लाल पेन्सिल होती आणि ती फक्त एका शब्दासाठी होती. माझ्या मसुद्यात जिथे जिथे 'मुळे' आला तिथे त्याला गोल पडायचा. "वर्गामुळे, प्रशिक्षणामुळे, योजनेमुळे," ते वाचून दाखवायचे, लग्नपत्रिकेतली नावं वाचावीत तसं. "अहो वानखेडे, हा शब्द फुकट मिळत नाही. आधी कमवा, मग लिहा." मी 'मुळे' काढून 'नंतर' घातलं. त्यावर त्यांनी लिहिलं, "आता निदान खोटं नाही." मी तो मसुदा घेऊन स्वारगेटला बसची वाट पाहत उभी राहिले आणि मनातल्या मनात त्यांना जे काही म्हणायचं होतं ते सगळं म्हणून घेतलं.

प्रश्न माझ्या पदवीपुरता असता तर मी चिडून का होईना, निभावून नेलं असतं. पण संस्थेला देणगी देणाऱ्यांनी स्वच्छ विचारलं होतं की या वर्गांनी खरंच काही होतं का. संस्था चालवणाऱ्या ताईंनी उत्तरासाठी माझा अहवाल पुढे करायचं कबूल केलं होतं. अहवालात काही निघालं नाही तर वर्ग बंद होणार, हे त्यांनी मला आणि सरांना समोर बसवून सांगितलं. सर म्हणाले, "मग तर आणखी काळजीपूर्वक मोजलं पाहिजे." ताई म्हणाल्या, "सर, मला वाटलं तुम्ही धीर द्याल." सर म्हणाले, "दिला की."

वर्ग अजून न पोचलेल्या चार वस्त्या ठरल्या. दोन ठिकाणी वर्ग लगेच सुरू होणार होते. उरलेल्या दोन पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या आणि तोपर्यंत त्या तुलनेच्या. तिथेच सरांनी आपली अट घातली. चारही वस्त्यांची नावं त्यांना सांगायची नाहीत. "मला कळलं की मी जाता-येता बघायला लागेन. मग मला जे दिसावंसं वाटतंय तेच दिसेल. मार्गदर्शकानं आंधळं असावं." मी म्हटलं, "पण सर, बोलताना काहीतरी म्हणावं लागेल." ते म्हणाले, "काहीही नावं द्या." त्या वेळी काकू समोर भाजी निवडत होत्या. म्हणून वर्गाच्या दोन वस्त्या झाल्या भेंडी आणि वांगं, तुलनेच्या झाल्या दोडका आणि कारलं.

पुढची दोन वर्षं अर्थशास्त्र विभागातल्या गंभीर माणसांसमोर सर गंभीर चेहऱ्यानं विचारत, "कारल्याचं मोजून झालं का?" "वांग्यात गळती किती?" बाहेरून आलेल्या एका पाहुण्या प्राध्यापकांना वाटलं, आमचा विषय शेतीमाल आहे. सरांनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. "विचारलं नाही त्यांनी," एवढंच म्हणाले.

वर्ग सुरू होण्याआधी मी चारही वस्त्यांत जाऊन बायकांना वाचायला लावलं. औषधाच्या पाकिटावरचा मजकूर, वीजबिल, बसची पाटी. वर्षानं पुन्हा तेच केलं. भेंडी आणि वांग्यातल्या बायका छान वाचायला लागल्या होत्या. कारल्यात फारसा बदल नव्हता. आणि दोडक्यात, जिथे वर्ग नव्हता, ताई गेल्या नव्हत्या, साधा फळाही नव्हता, तिथल्या बायका भेंडीतल्या बायकांइतक्याच घडाघडा वाचत होत्या. दोन्ही तुलनेच्या वस्त्या एकत्र धरल्या की फरकातला फरक जवळजवळ नाहीसा होत होता.

मी आकडे घेऊन विश्रांतवाडीला सरांच्या घरी गेले. त्यांनी ते पुन्हा पुन्हा तपासले. मग म्हणाले, "एकतर वर्गांचा परिणाम नाही, किंवा दोडक्यात काहीतरी घडलंय."

"आता काय करू?"

"शोधा."

"सर, अहवाल द्यायचा आहे. ताई थांबल्यात."

"मग परिणाम नाही असं लिहा."

"पण मला दिसतंय की आहे."

"तुम्हाला दिसतंय हे मी मार्गदर्शक म्हणून कुठे लिहू?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते शांतपणे चष्मा पुसत होते. आयुष्यात मला ज्या काही थोड्या वेळा माणसांवर वस्तू फेकाव्याशा वाटल्या, त्यातली ही एक.

दोडक्याची वस्ती आळंदी रस्त्याच्या बाजूला होती, सरांच्या घरापासून चालत जाता येईल इतकी जवळ. हे मला माहीत होतं, सरांना नव्हतं. मी संगीताताई नावाच्या बाईंच्या उंबऱ्यावर बसले. पहिल्या चाचणीत त्यांना स्वतःचं नावसुद्धा लागलं नव्हतं.

"ताई, तुम्ही वाचायला कुठं शिकलात?"

"आजोबांकडं."

"तुमच्या आजोबांकडे?"

"माझे कशाला? ते पलीकडच्या घरातले. आमची शोभा सैपाकाला जाती ना, तिथले. शोभाला म्हातारीच्या गोळ्या वाचता येईनात, जेवायच्या आधीची का नंतरची. म्हणून तिला शिकवाया लागले. मग तिच्या संगं आम्ही बी जायला लागलो. दुपारच्याला, भांड्यांची कामं आटपून."

"चांगलं शिकवतात?"

"शिकवत्यात. पण माणूस लई किरकिऱ्या हाय. बरोबर वाचलं तरी बरोबर म्हणत न्हाईत. म्हणत्यात, पाठ केलंय का वाचलंय? खालची ओळ आधी वाचा."

शेजारच्या बाई पाणी भरता भरता म्हणाल्या, "आन् ते सांग की, त्यांचं ते."

संगीताताई हसल्या. त्यांनी नाकावर नसलेला चष्मा बोटानं वर सरकवला आणि नाकातून म्हणाल्या, "नाहीतर?"

मी वळून पलीकडच्या घरांकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मला समजलं नाही, म्हणून समजावून सांगू लागल्या. "मी त्यांना म्हणलं, आजोबा, तुमच्यामुळं मला बसची पाटी वाचता येती. तर म्हणत्यात, नाहीतर? म्हणलं, नाहीतर काय, कंडक्टरला इचारलं असतं. तवा हसले बघा. एकदाच."

तिथून सरांच्या घरापर्यंत मी चालत गेले. तिथे मी नेहमी संध्याकाळीच जायचे, दुपारची शिकवणी मी कधी पाहिली नव्हती. रस्ता थोडाच होता, पण तेवढ्यात मी माझी सगळी वर्षं आठवून घेतली. मार्गदर्शकानं आंधळं असावं म्हणून नावं लपवली, आणि आंधळ्या मार्गदर्शकानं नेमकी तुलनेची वस्ती आपल्या पोर्चमध्ये बसवून वाचायला शिकवली. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर सरांनी त्याला पुन्हा विभागात पाऊल ठेवू दिलं नसतं. आणि दुसऱ्या कोणाच्या हातून हे होणंही शक्य नव्हतं. साध्या माणसानं नावं विचारली असती.

सर बशीत चहा ओतत होते. आत शोभाताई पोळ्या लाटत होत्या. मी म्हटलं, "सर, दोडक्यात काय घडलं ते कळलं."

"काय?"

"तुम्ही."

बशी हातातच राहिली. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग फाटकाकडे, मग माझ्याकडे. "दोडका म्हणजे आमच्या मागची वस्ती?"

"हो."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगायचं नाही असं तुम्हीच म्हणाला होता."

सरांनी विचार केला. "बरोबर," ते म्हणाले.

त्यांच्याकडून तो शब्द मला मिळाला तो असा.

काकू आतून म्हणाल्या, "आता काय, आमच्या घरातली शिकवणी बंद करायची का?"

"बंद करून काय होणार?" सर म्हणाले. "त्या काही वाचायचं विसरणार नाहीत. आधीची वस्ती आता परत मिळत नाही."

"नशीब," काकू म्हणाल्या. "नाहीतर तुम्ही त्यांना विसरायला शिकवलं असतं."

मी अहवालात आणि प्रबंधात सौम्य वाक्य लिहिलं : तुलनेच्या एका वस्तीत बाह्य स्रोताकडून शिकवणी झाल्याचे आढळले. सरांनी लाल पेन्सिल काढली. या वेळी 'मुळे' कुठे नव्हताच. त्यांनी 'बाह्य स्रोताकडून' खोडलं आणि वर लिहिलं, 'मार्गदर्शकाकडून'.

"सर, परीक्षक काय म्हणतील?"

"म्हणतील, मार्गदर्शक बेजबाबदार आहे."

"पण तसं नाहीये."

"आहे. आणि त्याला भरपूर पुरावा आहे. तुमच्या उरलेल्या निष्कर्षांना एवढा पुरावा असता तर आपण एव्हाना सुटलो असतो."

मग त्यांनी मला सगळं दोनदा करायला लावलं, एकदा दोडका धरून आणि एकदा दोडका वगळून. दोडका वगळला की वर्गांचा परिणाम स्वच्छ दिसत होता. पण तुलनेला एकटं कारलं उरत होतं आणि एकट्या कारल्यावर विसंबून फार जोरात बोलता येत नव्हतं. हे सगळं करण्यात आणखी बरेच महिने गेले. मी नोकरीसाठी बोलणी करत होते त्या कॉलेजनं दुसरी व्यक्ती घेतली. सरांना सांगितलं तर म्हणाले, "वाईट झालं." थोड्या वेळानं म्हणाले, "माझ्यामुळे झालं." तो शब्द त्यांनी स्वतः वापरलेला मी तेव्हाच ऐकला. मला त्यावर रागावताही आलं नाही, आणि त्याचाच जास्त राग आला.

देणगीदारांच्या बैठकीला सर आले. ताईंनी त्यांना वाटेत हात जोडून सांगितलं होतं, "सर, फक्त एक 'हो' म्हणा." मी आकडे मांडले. दोडक्याची गोष्ट आली तेव्हा सर उभे राहिले आणि म्हणाले, "तुलना बिघडवणारा माणूस मी." टेबलाभोवतीचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. देणगीदारांपैकी एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे वर्गांचा उपयोग होतो, असंच ना?"

ताईंनी सरांकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं.

"असं दिसतं," सर म्हणाले. "याहून जास्त म्हणणं बरं नाही."

ताईंनी डोळे मिटले. ते गृहस्थ मात्र हसले. म्हणाले, "आमच्याकडे जे येतात ते सगळे सांगतात की त्यांच्यामुळे क्रांती झाली. 'असं दिसतं' म्हणणारे तुम्ही पहिलेच. आणि स्वतः घोटाळा केला असं सांगणारेही." वर्ग चालू ठेवायचं ठरलं. कारल्यातही सुरू करायचं ठरलं. दोडक्याचा विषय निघाला तेव्हा ताई म्हणाल्या, "तिथं कशाला? तिथं सरांचं चालूच आहे. त्यांनी बिघडवलंय, त्यांनीच निस्तरावं."

बाहेर आल्यावर सर खट्टू दिसले. मला वाटलं, ताईंचं बोलणं लागलं. ते म्हणाले, "कारल्यातही सुरू करणार. म्हणजे आता तुलनेला कोणी उरलं नाही."

ताई म्हणाल्या, "सर, तुलनेला माणसं उरवणं हे आमचं काम नाही हो."

"खरं आहे," सर म्हणाले.

पुढे माझी पदवी झाली. परीक्षकांनी त्या 'मार्गदर्शकाकडून' या शब्दावर बराच वेळ घेतला आणि सर खाली मान घालून ऐकत राहिले, एखाद्या विद्यार्थ्यासारखे. मला दुसऱ्या कॉलेजात नोकरी मिळाली. त्या आनंदात मी आभाराच्या पानावर लिहिलं होतं की हे काम सरांमुळे पूर्ण झालं. त्यांनी त्यालाही गोल केला आणि समासात लिहिलं, "मी नसतो तर बरंच आधी झालं असतं." ते पान मी तसंच छापायला दिलं, गोल आणि समासातली ओळ काढून. त्यांनी छापील प्रत उघडली, पान पाहिलं आणि मिटून ठेवली.

गेल्या वर्षी त्यांना हृदयाचा पहिला त्रास झाला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात म्हणून वाचलात, सर." मी आणि काकूंनी एकमेकींकडे पाहिलं.

"नाहीतर?" सर म्हणाले.

"नाहीतर काय, आज आपण बोलत नसतो."

"हे तुम्हाला कशावरून कळलं?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी काकूंना विचारलं, "हे नेहमी असंच बोलतात का?" काकू म्हणाल्या, "आज बरं वाटतंय म्हणून जरा कमी बोलताहेत." घरी आल्यावर आठवडाभरातच बायका पुन्हा पोर्चमध्ये येऊ लागल्या. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. सर म्हणाले, विश्रांतीनं फरक पडतो का, हे पाहायला दुसरा एक मी लागेल.

तसा दुसरा कोणी नव्हता. ते गेले त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, त्यांना थोडं जड वाटत होतं. काकूंनी दवाखान्यात जाऊ म्हटलं. ते म्हणाले, सकाळी बघू.

दिवसकार्य झाल्यानंतर मी काकूंकडे गेले. त्या पोर्चमधल्या खुर्चीवर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "तुला एक विचारते. तू शिकलीयस हे. सोमवारीच नेलं असतं तर?"

मला खूप सोपी उत्तरं देता आली असती. तेव्हाच नेलं असतं तरी काही उपयोग झाला नसता काकू, असं शेजारपाजारचे त्यांना सांगतच होते. काही जण मागे उलटंही म्हणत होते. माझ्या डोळ्यांसमोर ती तुटक रेष आली, सरांनी हलक्या हातानं काढलेली. एका माणसाची दुसरी वस्ती नसते. त्याच्या शेजारी ठेवून मोजायला कोणी नसतं.

"ते कळणार नाही काकू," मी म्हटलं. "कोणालाच."

काकूंनी फाटकाकडे पाहिलं. "ते पण असंच म्हणाले असते," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर वैताग आणला या माणसानं. एका गोष्टीचं सरळ उत्तर नाही." मग त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि जरा स्वस्थ बसल्या. इतक्या दिवसांत त्यांना लोकांनी जे काही सांगितलं होतं, त्यात त्यांना खोटं न वाटलेलं तेवढंच असावं.

तेवढ्यात फाटक वाजलं. शोभाताई, संगीताताई आणि दोडक्यातल्या बाकीच्या बायका आल्या होत्या. भेटायला आल्या असतील असं मला वाटलं. त्यांनी काकूंना नमस्कार केला, चपला काढल्या आणि नेहमीच्या जागी बसल्या. वार शिकवणीचाच होता. काकू माझ्याकडे पाहत राहिल्या. मग मी सरांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढली.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी विश्रांतवाडीला जाते. खुर्च्या काकू सकाळीच पुसून ठेवतात. आम्ही चाचणी घेत नाही. कोणी बरोबर वाचलं की मी बरोबर म्हणते. मग त्या आपणहून खालची ओळ आधी वाचून दाखवतात.